प्रवेश मिळाला, पुढे कोण?

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

दरवर्षी उन्हाळा सरत आला की 'नीट'चा निकाल लागतो. वैद्यकीय प्रवेशाची ही परीक्षा. गावोगावच्या बातम्या वर्तमानपत्रांत झळकतात. पाड्यावरची मुलगी डॉक्टर होणार, रिक्षाचालकाचा मुलगा एमबीबीएसला, सफाई कामगाराच्या लेकीने नाव काढले. पेढे वाटले जातात, नगरसेवक शाल-श्रीफळ देतात, फोटो निघतात. हे सारे चांगलेच आहे. पण त्या मुलांचे पुढे काय होते, हे त्याच उत्सुकतेने कोणी विचारते का? पहिल्या वर्षाचा निकाल काय लागला, मेसचे पैसे कोण भरते, रात्री वसतिगृहावर एकटे वाटले तर ते मूल कोणाशी बोलते? आज मला बोलायचे आहे ते या पुढच्या साडेपाच वर्षांबद्दल. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप, असा एमबीबीएसचा हिशेब असतो.

पहिला प्रश्न साहजिकच असा येईल की, आरक्षण आहे, शिष्यवृत्ती आहे, मग आणखी मदत कशाला? याचे उत्तर देण्याआधी थोडे मागे जाऊ या.

सन १९०७. मुंबईत एक विद्यार्थी मॅट्रिक झाला. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांच्या नजरेत भरला होता. केळुसकर गुरुजी काही त्याच्या शाळेचे शिक्षक नव्हते. तरी त्यांनी त्याला पुस्तके दिली, स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. पुढे पैशांअभावी शिक्षण अडले तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत त्याची गोष्ट पोहोचवली. महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि तो एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाला. १९१३ मध्ये त्याच महाराजांनी त्याला महिना साडेअकरा पौंड देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हे सांगायला नकोच.

या गोष्टीत माणसे दोन आहेत. एकाने पैसा दिला, दुसऱ्याने रस्ता दाखवला. सयाजीरावांचे नाव आपण घेतो, घ्यायलाच हवे. पण केळुसकर गुरुजी नसते तर त्या मुलाचे नाव बडोद्याच्या दरबारात कसे पोहोचले असते? आजच्या भाषेत केळुसकर गुरुजींना 'मेंटॉर' म्हणतील. आपल्याकडचा जुना शब्द आहे पाठीराखा. सयाजीराव आणि केळुसकर गुरुजी ही जोडी जिथे जमते तिथे मूल पुढे जाते. एक जरी निखळला तरी गाडी मध्येच थांबण्याचा धोका असतो.

बाबासाहेबांना याची जाण होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी आग्रह धरला आणि १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४८-४९ पासून ती आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू झाली. देशात वंचित समाजांतून जे डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक झाले, त्यांतल्या असंख्यांच्या शिक्षणात या योजनेचा वाटा आहे.

आता डॉक्टरीकडे वळू. वैद्यकीय शिक्षणात ही जोडी किती जुनी आहे, याची साक्ष आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणची आहे. कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, म्हणजे लग्नानंतरची आनंदीबाई. चौदाव्या वर्षी तिचे दहा दिवसांचे बाळ दगावले आणि आपण डॉक्टर व्हायचेच, हे तिने ठरवले. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या एका मासिकात या जोडप्याविषयी वाचले आणि पत्र टाकले. ना ओळख, ना नाते. १८८३ मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना घ्यायला कार्पेंटरबाई हजर होत्या. पुढचे काही महिने त्यांनी त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतले. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांनी शिष्यवृत्ती दिली. इथेही तीच जोडी. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम.डी. झाल्या.

याच फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाची आणखी एक आठवण सांगण्यासारखी आहे. आनंदीबाईंच्या एकोणीस वर्षे आधी, १८६७ मध्ये, तिथून रिबेका कोल नावाची कृष्णवर्णीय तरुणी डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. तिच्याही आधी, १८६४ मध्ये बोस्टनच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून रिबेका ली क्रम्पलर डॉक्टर झाल्या. अमेरिकेतली ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टर. त्यांच्या शिक्षणाला हातभार लागला तो गुलामगिरीविरोधात लढणाऱ्यांनी उभारलेल्या एका शिष्यवृत्ती निधीचा. म्हणजे ज्यांना समाजाने दाराबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी कोणीतरी दार उघडून धरले, तेव्हाच ती आत जाऊ शकली.

मुंबईतल्या डॉ. रखमाबाईंची हकिगत याहून बोलकी आहे. सुतार समाजातल्या रखमाबाईंनी बालपणी झालेल्या लग्नाला नकार दिला आणि त्या खटल्याने सारा देश ढवळून निघाला. त्यांना डॉक्टर व्हायचे होते. तेव्हा मुंबईच्या कामा रुग्णालयात डॉ. एडिथ पीची नावाच्या इंग्रज बाई काम करत. त्यांनी रखमाबाईंना धीर दिला, लंडनच्या शिक्षणासाठी पैसा उभा करायला मदत केली. १८९४ मध्ये रखमाबाई डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट इथे त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली. या पीचीबाईंची स्वतःची कहाणी ऐका. एडिनबरो विद्यापीठात शिकत असताना, १८७० मध्ये, रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्यांनी मानाच्या होप शिष्यवृत्तीचा हक्क मिळवला होता. केवळ बाई म्हणून ती त्यांना नाकारली आणि त्यांच्या खालच्या क्रमांकाच्या पुरुष विद्यार्थ्याला दिली गेली. स्वतःची शिष्यवृत्ती हिरावली गेलेली बाई दुसरीच्या शिक्षणासाठी निधी गोळा करते, यापरते मोठे उदाहरण कोणते? जो त्या रस्त्याने ठेचकाळत गेला आहे, त्यालाच रस्त्यातले दगड ठाऊक असतात.

आता वर्तमानात येऊ. शिष्यवृत्ती आज कागदावर नक्की किती मिळते? अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची नियमावली २०२१ मध्ये सुधारली गेली. तीत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. फी सरकार भरते. शिवाय वैद्यकीयसारख्या व्यावसायिक शिक्षणासाठी वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० आणि घरून ये-जा करणाऱ्याला ७,००० रुपये निर्वाह भत्ता ठरला. १३,५०० रुपये म्हणजे महिन्याला १,१२५. मुंबईत एवढ्यात मेसचे बिल भागत नाही. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी राज्याने २०१६-१७ पासून 'स्वाधार' आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी 'स्वयम्' या योजना आणल्या. मुंबई, ठाणे, पुणे अशा मोठ्या शहरांत त्यांतून वर्षाला ६० हजारांपर्यंत मदत ठरवली गेली. या योजना मोलाच्या आहेत. पण पैसा खात्यावर येतो तो बहुधा वर्ष सरता सरता, आणि मेसवाल्याला बिल हवे असते दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. मधल्या काळात उधारी, उसनवारी. एखादा घरी फोन करून सांगतो, सगळे ठीक आहे. आणि रात्रीचे जेवण टाळतो.

पैशाची अडचण निदान दिसते तरी. न दिसणाऱ्या अडचणी वेगळ्या आहेत. मराठी शाळेतून किंवा आश्रमशाळेतून आलेल्या मुलीसमोर पहिल्याच दिवशी शरीररचनाशास्त्राचे जाडजूड इंग्रजी पुस्तक येते. शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्रही इंग्रजीतच. ती हुशार असते, पण प्रश्न विचारायला लाजते. शेजारची मुले डॉक्टरांच्या घरातली. त्यांना कोणते पुस्तक वाचायचे, कोणते नुसते चाळायचे, तोंडी परीक्षेत काय विचारतात, हे घरीच कळलेले असते. हिच्या घरात विचारावे कोणाला? पहिल्या चाचणीत गुण कमी पडतात. मग कोणी तरी कुजबुजतो, 'कोट्यातून आली आहे ना!' तिथून मूल मिटत जाते. २०२३ च्या नियमांप्रमाणे पहिले वर्ष पार करायला जास्तीत जास्त चारच प्रयत्न मिळतात. तेव्हा वेळीच सावरणारे कोणी नसेल तर सारा जीव ओतून मिळवलेली जागा हातची जाऊ शकते.

दिल्लीच्या एम्ससारख्या नामवंत संस्थेत दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करायला २००६ मध्ये समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते आपले मराठी अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात. २००७ च्या अहवालात समितीने नोंदवले की, शिक्षकांकडून पुरेसा आधार मिळत नाही, अशी या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांची भावना आहे. देशातल्या सर्वांत चांगल्या संस्थेत ही अवस्था, तर इतरत्र काय?

आणि २२ मे २०१९ हा दिवस महाराष्ट्र विसरू शकत नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या डॉ. पायल तडवी यांनी आपले आयुष्य संपवले. जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल समाजातली ही तरुण डॉक्टर. जातीवरून छळ झाल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला, तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. दोष कोणाचा, हे न्यायालयाने ठरवायचे. आपण एवढेच ध्यानात घेऊ की, पायल प्रवेशाच्या दारात अडली नव्हती. ती एमबीबीएस झाली होती, स्त्रीरोगतज्ज्ञ होण्याच्या वाटेवर होती. शिष्यवृत्ती, आरक्षण, गुणवत्ता, हे सारे टप्पे तिने ओलांडले होते. त्यानंतरही माणूस एकटा पडू शकतो.

म्हणून पाठीराखा हवा, आणि तो शक्यतो महाविद्यालयाच्या बाहेरचा हवा. कारण साधे आहे. आतल्या शिक्षकाच्या हाती गुण असतात, आतल्या वरिष्ठाच्या हाती ड्युटीचे वेळापत्रक असते. त्यांच्याविरुद्ध बोलायला मूल घाबरते. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे, महाविद्यालयात समित्या आहेत, हेल्पलाइन आहे. पण तक्रारीचा कागद लिहिताना शेजारी कोणी अनुभवी माणूस बसलेला असेल तरच तो कागद पुढे जातो.

हे शक्य आहे का? आहे, आणि ते घडतेही आहे. २०१५ च्या सुमारास पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या काही विद्यार्थ्यांनी 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' नावाचे काम सुरू केले. मेळघाटासारख्या आदिवासी भागातल्या आणि गरीब घरांतल्या मुलांना ते 'नीट'साठी विनामूल्य शिकवू लागले. शिकवणारे स्वतः डॉक्टरीचे विद्यार्थी. परवाच परीक्षा देऊन आलेला दादा किंवा ताई शिकवते तेव्हा शिकणाऱ्याला ते शिखर फार उंच वाटत नाही. आणि महाविद्यालयात गेल्यावर विचारायला ओळखीचे माणूसही असते.

डॉ. राजेंद्र भारूड यांचे आत्मकथन अनेकांनी वाचले असेल. धुळे जिल्ह्यातल्या सामोडे गावचा भिल्ल समाजातला मुलगा, जन्माआधीच वडील गेलेले, आई मोहाची दारू विकून घर चालवणारी. शाळेतल्या शिक्षकांनी त्याची बुद्धी ओळखून त्याला नवोदय विद्यालयात पाठवण्याचा आग्रह धरला. तिथून तो परळच्या के.ई.एम.ला एमबीबीएस झाला आणि पुढे आयएएस होऊन नंदुरबारचा जिल्हाधिकारी. 'याला इथे ठेवू नका, पुढे पाठवा' असे आईला समजावणारे ते शिक्षक म्हणजे सामोड्याचे केळुसकर गुरुजीच.

या साऱ्याचा रुग्णांना काय उपयोग, असेही कोणी विचारेल. अमेरिकेत १९१० च्या एका गाजलेल्या अहवालानंतर कृष्णवर्णीयांसाठीच्या सात वैद्यकीय महाविद्यालयांपैकी पाच बंद पडली. त्याचे परिणाम तो देश अजून भोगतो आहे. लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १३ टक्के, पण डॉक्टरांत सहा टक्क्यांच्या आत. ही दरी भरावी म्हणून १९४६ मध्ये शिकागोत डॉ. फ्रँकलिन मॅक्लीन यांनी शिष्यवृत्तीची संस्था सुरू केली. ती आज 'नॅशनल मेडिकल फेलोशिप्स' या नावाने ओळखली जाते. आणि २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, कृष्णवर्णीय पुरुषांना तपासायला कृष्णवर्णीय डॉक्टर असला की ते रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल यांसारख्या तपासण्यांना अधिक सहजपणे तयार होतात. सुई टोचून घ्यायलाही विश्वास लागतो. आपल्याकडे वारली किंवा कोरकू बाई आपले दुखणे आपल्या बोलीत, न लाजता सांगू शकली, तर तिचे निम्मे निदान तिथेच होते. त्यासाठी तिच्या समाजातून डॉक्टर यायला हवेत.

आता आपल्या गावाविषयी. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांवर होती. इथे गृहसंकुलांचे टॉवर आहेत, तसे काशीमिऱ्याजवळ माशाचा पाडा आणि इतर आदिवासी पाडेही आहेत. उत्तनचे कोळीवाडे आहेत, झोपडपट्ट्या आहेत. आणि गल्लोगल्ली दवाखाने आहेत. एवढे डॉक्टर जिथे राहतात, तिथे पाठीराख्यांचा तुटवडा का असावा? परळ, मुंबई सेंट्रल, भायखळा, शीव, कळवा इथली महाविद्यालये इथल्या मुलांना लोकलच्या अंतरावर आहेत. सकाळच्या गर्दीत भाईंदरहून मुंबई सेंट्रलला उभ्याने जाणाऱ्या मुलाला संध्याकाळी परतल्यावर वाचायला शांत जागा नसेल, तर गृहसंकुलाचे रिकामे कार्यालय रात्री दोन तास उघडे ठेवता येईल ना?

करण्यासारख्या गोष्टी छोट्या आहेत. अकरावीतच जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज भरून घ्या. जातीचा, उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला तयार आहे ना, ते पाहा. एका कागदावाचून जागा जाते. चार-पाच सोसायट्यांनी मिळून एक छोटा निधी ठेवावा. शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत त्यातून मुलाला बिनव्याजी रक्कम द्यावी, ती आल्यावर त्याने परत करावी. दान घेतल्याचा संकोचही राहत नाही. डॉक्टर मंडळींनी आपली जुनी पुस्तके, हाडांचा संच, स्टेथोस्कोप पुढच्या मुलाला द्यावेत. आणि प्रत्येक डॉक्टरने एकच विद्यार्थी घ्यावा, पण साडेपाच वर्षांसाठी. आठवड्यातून एक फोन. गुण किती पडले, याआधी जेवलास का, हे विचारावे. तो नापास झाला तर रागावू नये. आपणही कुठे अडखळलो होतो, ते सांगावे. त्याच्या आईवडिलांनाही भेटावे. मुलगा सुट्टीतही घरी का येत नाही, त्याला एवढा वेळ का लागतो, हे त्यांना समजावून सांगणारे कोणी नसते.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. मदतीचा धनादेश देतानाचा फोटो छापू नये. वर्गातल्या मुलांनी तो पाहिला की मदतीचेच ओझे होते. आणि उपकाराची जाणीव करून देऊ नये. केळुसकर गुरुजींनी ती करून दिल्याचे ऐकिवात नाही.

श्रोतेहो, यंदा आपल्या वस्तीतल्या कोणा मुलीला किंवा मुलाला एमबीबीएसला प्रवेश मिळाला असेल, तर सत्काराला जरूर जा. पेढाही खा. निघताना तिचा फोन नंबर तेवढा घ्या, आणि दिवाळीनंतर पहिली चाचणी झाली की तिला फोन करा.